पाणी हिरवं दिसतंय, उकळून प्यायलं तर चालेल का? शेवाळ आणि पिण्याचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की मला ठरावीक फोटो येऊ लागतात. गच्चीवरच्या टाकीच्या आतला हिरवा थर, पवई तलावाच्या काठाला साचलेली साय, नाहीतर बादलीत धरलेलं किंचित पिवळट पाणी. खाली प्रश्न मात्र एकच: "उकळून प्यायलं तर चालेल ना?" मी मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्यामुळे इमारतीच्या पाण्याचं काहीही बिनसलं की पहिला फोन माझ्याकडे येतो. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेली बरी.

शेवाळ म्हणजे नेमकं काय? सगळंच शेवाळ वाईट का?

घोळ इथूनच सुरू होतो. पावसाळ्यात जिन्यावर पाय घसरवतं तेही शेवाळ, विहिरीत केसांसारखं तरंगतं तेही शेवाळ (काही ठिकाणी त्याला गोंडाळ म्हणतात) आणि तलावावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखं दिसतं तेही शेवाळच. एका शब्दात आपण तीन-चार वेगळे जीव कोंबले आहेत.

पाण्याच्या दृष्टीने काळजी करायची ती शेवटच्याची. त्याला पाठ्यपुस्तकात नील-हरित शेवाळ म्हणतात, पण ते खरं तर शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर अन्न तयार करणारे जिवाणू. भातशेतीत यांचं खत वापरतात, कारण यातल्या काही जाती हवेतला नायट्रोजन बांधून ठेवतात. तेव्हा हे जन्मजात खलनायक नाहीत. पण मायक्रोसिस्टिस, अ‍ॅनाबीना, सिलिंड्रोस्पर्मॉप्सिस अशा काही जाती विषं तयार करतात: काही यकृतावर घाला घालणारी, काही मज्जासंस्थेवर. यकृतावरच्या विषांत सर्वात जास्त अभ्यास झालाय तो मायक्रोसिस्टिनचा. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात या विषाच्या मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकारासाठी दिलेली मर्यादा आहे लिटरमागे १ मायक्रोग्रॅम. ही रोज, आयुष्यभर प्यायच्या पाण्यासाठी. थोड्या दिवसांच्या अडचणीच्या काळापुरती ती १२ धरली आहे.

टाकीच्या भिंतीला चिकटलेला हिरवा थर बहुतेक वेळा साधं हिरवं शेवाळ असतं. घाण, हो. विषारी, सहसा नाही.

मग उकळून प्यायलं की झालं ना?

नाही. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं उत्तर वाचा.

"पाणी गाळून, उकळून प्या" हे आपल्याला बाळकडूसारखं पाजलेलं आहे आणि दर पावसाळ्यात पालिकाही तेच सांगते. कॉलरा, टायफॉइड, कावीळ, गॅस्ट्रो यांच्यासाठी ते शंभर टक्के बरोबर आहे, कारण तिथे शत्रू जिवंत असतो आणि उकळल्यावर मरतो. मायक्रोसिस्टिन जिवंत नाही. तो एक रेणू आहे, आणि चांगला चिवट आहे. चहाच्या पातेल्यात पाच-दहा मिनिटं खळाखळा उकळून तो तुटत नाही. उलट दोन गोष्टी बिघडतात. पेशी अख्ख्या असतील तर उष्णतेने फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. आणि वाफ निघून गेल्यामुळे पातेल्यात उरलेलं पाणी आणखी दाट होतं. जोंधळ्याच्या पेजेसारखं आटवून विष कमी होत नसतं.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात २ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे लोकांना असाच इशारा मिळाला: नळाचं पाणी पिऊ नका, आणि उकळूही नका. ईरी सरोवरातलं शेवाळ वाऱ्याने शहराच्या पाणी खेचण्याच्या जागेकडे ढकललं गेलं होतं. चार लाखांहून जास्त माणसं जवळजवळ तीन दिवस बाटलीच्या पाण्यावर होती. शुद्धीकरण केंद्र बंद पडलं नव्हतं. कच्चं पाणीच इतकं बिघडलं होतं की नेहमीची प्रक्रिया पुरी पडली नाही.

मुंबईच्या तलावांत असं होऊ शकतं का?

होऊ शकतं का, तर जिथे ऊन, साचलेलं कोमट पाणी आणि फॉस्फरस-नायट्रोजनचा खुराक आहे तिथे कुठेही होऊ शकतं. पण आपली बाजू बरीच भक्कम आहे, आणि ती का भक्कम आहे हे माहीत असायला हवं.

आपलं पाणी सात तलावांतून येतं: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. सगळे भरले की एकूण साठा सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर. त्यातला जवळपास निम्मा एकट्या भातशाचा. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे शहराच्या हद्दीतले म्हणून आपल्याला ओळखीचे, पण दोघांचा मिळून वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. विहार-तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात, तानसाभोवती अभयारण्य. जंगलातून येणाऱ्या पाण्यात सांडपाणी आणि खतं कमी. शेवाळाला खुराक नाही, म्हणून फुलोरा (म्हणजे शेवाळाची एकदम होणारी बेसुमार वाढ) नाही. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये तलाव भरून वाहतात तेव्हा जुनं पाणी धुऊन निघतं. "तुळशी ओसंडून वाहू लागला" ही बातमी मी साठ्यासाठी वाचत नाही, या धुण्यासाठी वाचते.

नाजूक काळ एप्रिल ते जूनचा मध्य. साठा कित्येकदा दहा टक्क्यांच्या खाली येतो, पाणी उथळ आणि गरम होतं, वारा पडलेला असतो, तळाचा गाळ जवळ येतो. पाणीकपातीची चर्चा सुरू होते तेव्हा आपण फक्त "किती दिवस पुरेल" एवढंच विचारतो. "कसलं उरलंय" हेही विचारावं.

पवई तलावाचं पाणी तर हिरवंगार असतं. ते आमच्या नळाला येतं का?

नाही. पवई तलाव १८९१ मध्ये बांधला तो पिण्यासाठीच, पण पाणी त्या लायकीचं राहिलं नाही. आज ते पिण्यासाठी वापरलं जात नाही. तानसा आणि पवई यांचं वय जवळपास सारखं. एकाच्या भोवती जंगल राहिलं, दुसऱ्याच्या भोवती टॉवर उभे राहिले. सांडपाण्याचं काय होतं ते बघायला मी विद्यार्थ्यांना दर वर्षी पवईला नेते, वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

एक गैरसमज मात्र तिथे हमखास होतो. पवईवर पसरलेला जाड हिरवा गालिचा म्हणजे जलपर्णी. ती पाणवनस्पती आहे, मुळं-पानं-जांभळी फुलं असलेली. शेवाळ तिच्या सावलीत फारसं वाढत नाही. जलपर्णी यंत्राने ओढून काढली की सगळे टाळ्या वाजवतात, पण सांडपाणी तसंच येत राहिलं तर मोकळ्या झालेल्या पाण्यावर ऊन पडतं आणि शेवाळाला रान मोकळं मिळतं. पानं काढणं सोपं आहे, नाला अडवणं अवघड.

साधं शेवाळ की विषारी, घरच्या घरी कसं ओळखायचं?

विषारी आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. पण कोणत्या जातकुळीचं आहे याचा अंदाज दोन साध्या गोष्टींवरून येतो.

पहिली काठीची. लांब काठी पाण्यात घालून वर काढा. हिरवे ओले केस लटकले तर ते तंतूसारखं शेवाळ, फार चिंता नको. काठी ऑइलपेंटमध्ये बुडवल्यासारखी रंगून आली तर सावध व्हा.

दुसरी बाटलीची. हातमोजे घालून काचेची बरणी पाऊण भरा, झाकण लावा, फ्रीजमध्ये रात्रभर हलवू नका. सकाळी हिरवा थर तळाशी बसला असेल तर बहुधा साधं शेवाळ. वर तरंगत कड्यासारखा जमला असेल तर सायनोबॅक्टेरियाची शक्यता मोठी, कारण यांच्या पेशींत हवेच्या बारीक पिशव्या असतात आणि ते प्रकाशाकडे वर येतात. तलावावर सकाळी वारा नसताना साय जाड दिसते ती याचमुळे.

बरणीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आमच्या घरी भाच्याने ती पाणीपुरीचं पाणी समजून पुदिना कमी पडलाय का बघायला चमचा बुडवला होता. झाकणाखालच्या वासाने वाचला.

नळाच्या पाण्याला मातकट वास येतो. हे शेवाळाचं लक्षण आहे का?

असू शकतं, पण वास म्हणजे विष नव्हे. काही सायनोबॅक्टेरिया जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात. जूनच्या पहिल्या सरीनंतर जो मृद्गंध येतो त्यातही मुख्य वाटा जिओस्मिनचाच, फक्त तिथे तो मातीतले जिवाणू बनवतात. अंगणात ज्याच्यावर कविता होतात, तोच पेल्यात आला की आपण नाक मुरडतो. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे: लिटरमागे दहा नॅनोग्रॅमच्या आसपास असला तरी बऱ्याच जणांना कळतो. तो अपायकारक नाही.

उलटं मात्र लक्षात ठेवा. मायक्रोसिस्टिनला ना वास, ना चव, ना रंग. वास नाही म्हणून पाणी चांगलं, असं म्हणता येत नाही.

आणि सडक्या अंड्यासारखा किंवा गटारासारखा वास येत असेल तर शेवाळ विसरा, ती पाइपात मैलापाणी शिरल्याची खूण आहे. तेव्हा पहिल्याने तक्रार, मग बाकी सगळं.

भांडुपच्या केंद्रात हे सगळं काढत नाहीत का?

काढतात, आणि काढण्याची पद्धत समजली तर अर्ध्या शंका मिटतील. भांडुप संकुल आणि पांजरापूर ही आपली मोठी शुद्धीकरण केंद्रं. कच्च्या पाण्यात तुरटीच्या जातीचं रसायन घालतात, त्याने बारीक कण आणि शेवाळाच्या पेशी एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि तळाशी बसतात. मग वाळूतून गाळणं, मग क्लोरीन. आपल्या आज्या हंड्यात तुरटी फिरवायच्या, तेच तत्त्व, फक्त इथे हंडा शेकडो कोटी लिटरचा.

यात गोम अशी: पेशी अख्खी असेल तर विष तिच्या पोटातच असतं आणि पेशीबरोबर निघून जातं. पेशी फुटलेली असेल तर विरघळलेलं विष तुरटीला आणि वाळूला दाद देत नाही. तिथे क्लोरीन कामाला येतो. पुरेसा क्लोरीन, पुरेसा वेळ आणि पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या खाली असेल तर मायक्रोसिस्टिन मोडतो. काही इतर विषांवर मात्र क्लोरीनचा फारसा इलाज नाही, त्यासाठी सक्रिय कार्बन लागतो. म्हणून शहाणपण हे, की तलावातल्या पेशी आधी फोडायच्या नाहीत.

म्हणजे टाकीत किंवा विहिरीत मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून शेवाळ मारू नये?

पिण्याच्या पाण्यात तर अजिबात नको. ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर १९७९ मध्ये लोकांनी पाण्याच्या चवीबद्दल तक्रार केली, म्हणून धरणात मोरचूद टाकला. शेवाळ मेलं, पेशी फुटल्या, आणि थोड्याच दिवसांत १४८ जण आजारी पडून इस्पितळात गेले. बहुतेक लहान मुलं होती. दिसायला पाणी आधीपेक्षा स्वच्छ झालं असणार.

आमच्या गच्चीवरच्या टाकीत हिरवं झालंय. काय करू?

आधी वर बघा. म्हणजे झाकणाकडे. अंधारात शेवाळ वाढत नाही, त्यामुळे टाकी हिरवी झाली याचा अर्थ कुठून तरी ऊन आत जातंय. आमच्याच इमारतीत दोन वर्षं टाकी घासून घासून माणसं थकली. तिसऱ्या वेळी मी स्वतः वर गेले तर सिमेंटच्या टाकीवरचं लोखंडी झाकण गंजलं म्हणून कुणीतरी पत्र्याऐवजी दुधी फायबरचा तुकडा टाकला होता. दुपारी बाराला टाकीच्या आत टॉर्चशिवाय वर्तमानपत्र वाचता आलं असतं. काळं, घट्ट झाकण बसवलं, प्रश्न संपला.

साफसफाई करताना टाकी रिकामी करून भिंती कडक ब्रशने घासा, गाळ बाहेर काढा, तळाशी ढकलून नळात सोडू नका. मग टाकी पाण्याने भरून हजार लिटरला साधारण २०० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर आधी बादलीत कालवून, निवळी तेवढी टाकीत घाला. रात्रभर ठेवा. हे पाणी प्यायचं नाही, सगळं सोडून द्यायचं आणि टाकी दोनदा धुवायची. ब्लिचिंगबरोबर अ‍ॅसिड कधीही वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो. बंद टाकीत तो जीव घेतो. माणूस आत उतरणार असेल तर टाकी आधी मोकळी हवा खाऊ द्या आणि वर दुसरा माणूस उभा असू द्या. वर्षातून दोनदा पुरे. खालची टाकी विसरू नका. ती दिसत नाही म्हणून राहते, आणि बाहेरचं सांडपाणी शिरतं ते तिथेच.

घरचा फिल्टर पुरेसा आहे का?

कोणता, त्यावर आहे. कँडलचा फिल्टर गढूळपणा काढतो, विरघळलेलं विष नाही. नुसता यूव्ही जंतू मारतो, घरगुती यंत्रातल्या प्रकाशाने मायक्रोसिस्टिन तुटत नाही. सक्रिय कार्बन विष शोषून घेतो, पण कार्ट्रिज ताजं असेल तर. तीन वर्षं न बदललेला कार्बन म्हणजे जंतूंची धर्मशाळा. आरओ बरंचसं विष अडवतो.

हे वाचून लगेच आरओ घ्यायला धावू नका. मुंबईच्या नळाचं पाणी मुळात मऊ आहे, आणि आरओ बरंच पाणी मोरीत सोडतो. तुमचं पाणी पालिकेचं असेल तर आरओवर घालायचे पैसे मी झाकण, टाकीची सफाई आणि गळकी पाइप बदलण्यात घालेन. बोअरवेल किंवा टँकरवर असाल तर गोष्ट वेगळी.

टँकरच्या पाण्याचं काय?

इथे मी खरोखर काळजीत असते. टँकर कुठून भरला हे विचारायची आपल्याला सवय नाही. उन्हाळ्यात उघड्या विहिरीचं, क्वचित खाणीतल्या डबक्याचं पाणी "वापरायचं" म्हणून येतं आणि स्वयंपाकघरात पोहोचतं.

ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात फेब्रुवारी १९९६ मध्ये एका डायलिसिस केंद्राला अर्धवट शुद्ध केलेलं जलाशयाचं पाणी टँकरने पुरवलं गेलं. १३१ पैकी ११६ रुग्णांना त्रास झाला, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, उलट्या. त्यातल्या शंभर जणांचं यकृत निकामी झालं आणि निदान ५२ मृत्यू या विषाशी जोडले गेले. डायलिसिसच्या एका खेपेला १२० लिटरच्या वर पाणी लागतं आणि मधे पोट-आतडी नसतात, ते जवळपास थेट रक्ताला भिडतं. घरी डायलिसिस करणारं कुणी असेल किंवा तुम्ही असं केंद्र चालवत असाल, तर पाण्याचा उगम बदलला की केंद्राच्या तंत्रज्ञाला त्याच दिवशी कळवा.

बाळाच्या दुधाच्या पावडरीसाठी कोणतं पाणी वापरू?

नेहमीच्या दिवशी नळाचं पाणी उकळून गार केलेलं, जसं वापरता तसंच. पाण्यात शेवाळाचा फुलोरा असल्याची शंका असेल तेव्हा मात्र उकळलेलं नको, सीलबंद बाटलीचं घ्या. वजनाच्या मानाने बाळ पाणी फार पितं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये दहा दिवसांच्या वापरासाठी दिलेली मायक्रोसिस्टिनची पातळी मोठ्यांना लिटरमागे १.६ मायक्रोग्रॅम, आणि सहा वर्षांखालच्यांना ०.३.

कुत्रा, मासे, विसर्जन?

कुत्र्याला हिरवी साय असलेल्या पाण्यात उतरू देऊ नका. तो बाहेर येऊन अंग चाटतो आणि सगळं पोटात जातं. उतरलाच तर चाटायच्या आत नळाखाली धुवा.

अशा तलावातला मासा खायचाच असेल तर आतडी आणि यकृत टाकून द्या, विष तिथे जास्त साठतं. मेलेला, तरंगणारा मासा उचलायचा नाही. बाणगंगेत पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. तिथे दोष पाण्यात टाकलेल्या अन्नाचा. ते कुजताना प्राणवायू संपतो. निर्माल्य, पिंडाचा भात, नाल्याचं पाणी, शेवाळाला सगळं सारखंच: खुराक.

जुहूच्या लाटा रात्री निळ्या चमकल्या होत्या, तेही हेच का?

नाही. ते नॉक्टिलुका, समुद्रातला एक सूक्ष्म जीव, पाणी हललं की चमकतो. नळाशी त्याचा संबंध नाही. बघायला जा, फक्त त्यात पोहू नका.

तुम्हाला फोटो पाठवला तर चालेल का?

चालेल, पण नुसत्या हिरव्या पाण्याचा नको. टाकीचं झाकण बंद असतानाचा एक आणि उघडल्यावरचा एक. रंग सगळ्या इमारतीत आहे की एकाच घरात, सकाळी पाणी आल्याबरोबर पहिल्या पाच मिनिटांत आहे की दिवसभर, हे लिहा. सगळ्या गल्लीत असेल तर मला नंतर कळवा, आधी १९१६ वर पालिकेला कळवून तक्रारीचा क्रमांक घ्या. आणि बादलीत फोटो काढणार असाल तर पांढरी बादली घ्या. गेल्या वर्षी एका काकूंनी पाठवलेलं हिरवं पाणी हिरव्या बादलीतलं होतं.